दहा वर्षांत गाडी भंगारात? कोल्हापुरात राहून असं बोलवतं तरी कसं

पेठेतला जुना
काल इथंच एका भावानं पोस्ट टाकली. गाडी दहा वर्षांची झाली की काढून टाकायची, पुढं तिच्यावर घातलेला रुपया म्हणजे गटारात टाकलेला रुपया. आणि घरात स्वतः पाना-ड्रिल घेऊन बसणारे शेवटी मिस्त्रीला डबल पैसे देतात. खाली सगळ्यांचं ‘अगदी बरोबर’, ‘पटलं’. मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी मारुती आठशे २००३ ची. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. बॉनेट उघडलं की जे पाहिजे तिथपर्यंत हात पोचतो. दोनदा पासिंग करून घेतलंय, रोज शाहूपुरीपर्यंत जाते-येते, सुट्टीला पन्हाळा चढते. जुन्या गाड्या वयानं कमी आणि दुर्लक्षानं जास्त मरतात हे माझं ठाम मत आहे.

आपल्या पावसाचंच घ्या. पुढच्या काचेच्या बुडाशी, वायपरखाली जाळी असते. तिच्याखाली पाणी निघून जायची वाट असते. गाडी झाडाखाली लावली की पानं तिथं कुजतात, काळा लगदा होतो आणि वाट बंद. मग पाणी ब्लोअरमधनं आत येतं, पायाखालचं मॅट भिजतं. लोक म्हणतात गाडीला वास मारतोय, आणि आरशाला सुगंधी डबी लटकवतात. खाली फ्लोअरचा पत्रा सडत असतो! दारांच्या खालच्या कडेला पण भोकं असतात, ती चिखलानं बुजतात. सायकलची जुनी तार घालून फिरवा, दारातनं गढूळ पाणी कसं गळतं बघा. याला ना मिस्त्री लागतो ना पैसे. मृगाच्या आधी एक सकाळ लागते.

दुसरं म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह. गाडी गरम होते म्हणून नेली की काही मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकतात. मग इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि मालक म्हणतो गाडी म्हातारी झाली. गाडीला दोष कशाला? रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलं, कूलंट कधी घातलंच नाही, म्हणून आत गंज धरला.

ज्या गावात उद्यमनगर आहे, ज्या गावच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत गाड्यांची कास्टिंगं ओतली जातात, तिथल्या माणसानं पार्ट मिळत नाही म्हणून गाडी विकायची? बुश मिळत नसेल तर लेथवर काढून देणारा माणूस आपल्याकडं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे नशीब नाही.

कळंबा रिंगरोड
ती पोस्ट माझी. आता ऐका.

दादा, तुमच्या गाडीत एअरबॅग आहे? एबीएस आहे? नवीन गाड्यांना एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. उगाच नाही झाली. मी आठवड्याला पोरांना घेऊन हायवेनं कऱ्हाडला जातो. कागलकडनं येणारे ट्रेलर तुमच्या दाराची भोकं साफ आहेत का बघत नाहीत.

खर्चाचंही बोलू. पंधरा वर्षांनंतर आरसी रिन्यू करायची फी २०२२ मध्ये ६०० ची ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला १०,०००. वर पर्यावरण कर, वर फिटनेसला गाडी उभी करायची. तेही फक्त पाच वर्षांसाठी. हे पैसे कुठल्या हिशोबात धरता?

पेठेतला जुना
पाच वर्षांला १०,००० म्हणजे महिन्याला दोनशेच्याही आत. नवीन गाडीचा एक हप्ता किती असतो ते तुम्हीच लिहा की.

राजारामपुरीच्या वैनी
गाडीचं जाऊ दे ओ. घरातल्या दुरुस्तीवर कोणी बोलणार आहे का? कारण ती आम्हाला भोगावी लागते.

आमच्याकडं बेसिनचा नळ गळत होता. साधा वायसर गेलेला. आमच्या ह्यांनी मोबाईलवर बघितलं आणि अख्खा नळ काढला. टेफ्लॉन टेप गुंडाळली ती उलट्या बाजूनं, म्हणजे नळ फिरवेल तसतशी टेप सुटत बाहेर. मग अजून टेप. मग अजून जोर. भिंतीतला एल्बो तडकला. टाईल फोडून काम झालं, आणि त्या रंगाची टाईल आता लक्ष्मीपुरीत काय, कुठंच मिळत नाही. बाथरूममध्ये आज पण एक पांढरा चौकोन आहे. पाहुणे आले की त्याच्यावर टॉवेल अडकवते.

मला स्वतः करण्याचा राग नाही. मी शिलाई मशीन स्वतः उघडून साफ करते, तेल घालते. पण वरच्या टाकीचा कॉक कुठं आहे ते माहीत नसताना नळाला हात लावायचा नाही, एवढंच माझं म्हणणं.

उद्यमनगर लेथ
वैनी शंभर टक्के बरोबर बोलल्या. टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, चुडी (नळाचे आटे) समोर धरून. आणि ड्रिलवाल्यांनी एक ध्यानात ठेवा. स्विचबोर्डच्या बरोबर वर-खाली आणि नळाच्या बरोबर वर-खाली भोक मारायचं नाही. वायर आणि पाइप तिथनंच सरळ गेलेले असतात.

पेठेतले दादा, तुमच्या गाडीबद्दल आदर आहे, पण तुमच्यासारख्यांचं वाचून पोरं नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली सरकतात. जॅक फक्त उचलायला असतो. खाली जायचं असेल तर दोन्ही बाजूला घोड्या (लोखंडी स्टँड) लावायच्या, चाक सरकू नये म्हणून उटी लावायची, गाडी हलवून बघायची, मगच आत जायचं. आमच्या ओळखीच्या एकाची गाडी विटांवर होती. वीट फुटली. माणूस वाचला, पण हात गेल्यात जमा आहे. ब्रेकला तर घरी हातच लावू नका. मागच्या ड्रमचा व्हील सिलिंडर गळत असेल तर आमच्याकडं या, शिव्या देऊ पण करून देऊ.

पेठेतला जुना
घोड्यांचं मान्य. ते लिहायलाच पाहिजे. ब्रेक फ्लुइड मात्र मी स्वतः बदलतो आणि बदलत राहणार. ते पाणी शोषतं, दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि दहातल्या नऊ गॅरेजवाल्यांनी ते कधी विचारलेलंही नसतं.

उद्यमनगर लेथ
दहातल्या नऊ म्हणू नका. आम्ही विचारतो. गिऱ्हाईक म्हणतं राहू दे पुढच्या वेळी.

दुधाळीकर
नव्या गाड्यांचं कौतुक करणाऱ्यांना २०१९ चा ऑगस्ट विसरायला झालाय. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, त्याच्या कितीतरी वर पाणी गेलेलं. आमच्या गल्लीत मामांची जुनी गाडी आणि शेजाऱ्यांची नवी कोरी, दोन्ही पाण्यात. पाणी उतरल्यावर शेजाऱ्यांनी आधी चावी फिरवली. सिलिंडरमध्ये पाणी, रॉड वाकला, वर सगळी इलेक्ट्रॉनिक्स गेली. विम्यावाले म्हणाले इंजिनचं वेगळं कव्हर घेतलं नव्हतं.

मामांनी चावीला हात लावला नाही. बॅटरी सोडली, प्लग काढले, ऑइल सांडलं. ऑइल कसलं, दुधाच्या चहासारखं आलं. सगळं वाळवलं, मग प्लग न लावताच स्टार्टर मारला, सिलिंडरमधलं पाणी बाहेर उडालं. ऑइल परत-परत बदललं. गाडी आज पण फुलेवाडीला उभी आहे, चालू.

कळंबा रिंगरोड
ही एका गाडीची गोष्ट झाली. आणि ती चावी न फिरवण्याची गोष्ट आहे, जुन्या गाडीची नाही. नव्या गाडीची पण चावी फिरवली नसती तर इंजिन वाचलं असतं.

दुधाळीकर
वायरिंग वाचलं असतं का?

कळंबा रिंगरोड
नसतं. बरं, पूर आला की तुमची गाडी श्रेष्ठ. उरलेल्या वर्षभराचं काय? आणि मूळ मुद्दा तर कोणी काढतच नाही. पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्या २००३ च्या गाडीचे रबरी पाइप, ओ-रिंगा एवढ्या इथेनॉलसाठी बनलेल्याच नाहीत. जुन्या गाड्यांत काही रबरी भाग आणि गॅस्केटं बदलावी लागतील हे पेट्रोलियम मंत्रालयानंच सांगितलंय. त्यामुळे जुनी गाडी ठेवायची की नाही हा प्रश्न सरकारनं सोडवूनच टाकलाय.

पेठेतला जुना
इथं मात्र मी तुमच्या बाजूनं बोलणार. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धर्तीच्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के घसरेल असं लिहिलंय. मग लिटरचा दर तेवढा कमी केला का? गाडी आमची, पाइप आमचे, आणि दुसरं पेट्रोल निवडायची सोय नाही. हा सरळसरळ अन्याय आहे.

शिरोळचा ऊसवाला
थांबा जरा. इथेनॉलला नावं ठेवायची असतील तर तोंड सांभाळून.

तुमच्या पाइपाला भेग पडली की तुम्हाला अन्याय दिसतो. ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर द्यायचा हा कायदा १९६६ च्या आदेशात आहे, आणि आमच्या बापजाद्यांनी महिनोन् महिने बिलाची वाट बघितली. तेव्हा शहरातल्या किती जणांनी इथं धागा काढला? दरवर्षी जयसिंगपूरला ऊस परिषदेला माणसं उगाच जमत नाहीत. साखरेचे भाव पडले की कारखाना हात वर करतो. इथेनॉलचा पैसा साखरेपेक्षा लवकर मोकळा होतो. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं उसाच्या रसापासनं इथेनॉल करायला बंधनं घातली, तेव्हा कारखान्यांची टाळकी फिरली आणि मार आम्ही खाल्ला. तुमच्या एका डबड्यापायी ते परत बंद करायचं काय?

पेठेतला जुना
डबडं म्हणू नका. ती गाडी माझ्या वडिलांनी नोकरीच्या पैशातनं घेतली. आणि शेतकऱ्याच्या विरोधात मी एक अक्षर लिहिलेलं नाही. शेतकऱ्याला पैसे मिळालेच पाहिजेत. पण ते माझ्या टाकीतनं, मला न विचारता का? ई-१० पण ठेवा, ई-२० पण ठेवा. ज्याची गाडी चालते त्यानं घ्यावं.

शिरोळचा ऊसवाला
आणि दोन टाक्या, दोन नोझल, दोन टँकर, ह्याचा खर्च कोण करणार? पंपवाला?

आमच्या घरी पण २००६ ची जीप आहे. डिझेल, म्हणून सुटलो, हे कबूल. पण भावाची मोटारसायकल जुनी आहे, त्यात हेच पेट्रोल जातं. ट्यूब मऊ पडली, बदलली. विषय संपला.

कळंबा रिंगरोड
विषय संपला कसा? मोटारसायकलची ट्यूब डोळ्यासमोर असते. कारचा पाइप टाकीच्या वर, सीटखाली असतो. गळायला लागला तर पेट्रोलचा वास आल्यावरच कळणार, आणि तेव्हा पोरं मागच्या सीटवर असतात.

उद्यमनगर लेथ
दोघं पण भांडा, पण काम सांगतो. साधा काळा पाइप काढून व्हिटॉन रबराचा घाला. महाग आहे, पण इथेनॉलला टिकतो. क्लिपा पण बदला, जुन्या क्लिपा पाइप कापतात. ओ-रिंगा मापानं मिळतात, नमुना घेऊन या. टाकी अर्धी ठेवून गाडी आठवडेच्या आठवडे उभी करू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते टाकीच्या बुडाशी बसतं आणि लोखंडी टाकी आतनं गंजते. आमच्याकडं येणाऱ्या बऱ्याच जुन्या गाड्या चालवून नाही, उभ्या राहून खराब झालेल्या असतात.

राजारामपुरीच्या वैनी
म्हणजे अर्थ एवढाच निघाला की गाडी ठेवायची तर दर पावसाळ्याआधी भोकं साफ करा, पाइप बदला, घोड्या आणा, कूलंट घाला, ब्रेकचं पाणी बदला. हे सगळं करणारे पेठेतले दादा एक. बाकीचे आमच्या ह्यांच्यासारखे. त्यांनी खरंच विकलेली बरी.

कळंबा रिंगरोड
हेच मी पहिल्यापासनं सांगतोय, वैनी. माझी पोस्ट सगळ्यांसाठी होती, एका माणसासाठी नव्हती. दादांनी त्यांची गाडी गावात चालवावी, माझी हरकत नाही. दहा वर्षांचा आकडा मी घाईनं लिहिला असं कोणाला वाटत असेल तर पंधरा धरा. पण पोरांना घेऊन हायवेला एअरबॅग नसलेली गाडी नाही म्हणजे नाही. यावर मी हलणार नाही.

पेठेतला जुना
हायवेचं तुमचं तुमच्यापाशी. मी पुण्याला रेल्वेनं जातो.

लेथवाले, व्हिटॉनचा पाइप टाकीपासनं फिल्टरपर्यंत एकाच लांबीत मिळतो का तुकड्यांत? आणि उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या रिटर्न लाइनला पण तोच घालायचा ना? शनिवारी जुना नमुना घेऊन येतो. पाइप मीच बसवणार, तुम्ही फक्त क्लिपा बघा.

उद्यमनगर लेथ
मीटरवर मिळतो. रिटर्नला पण तोच. बसवा, पण आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडा आणि लाइनमधलं प्रेशर उतरवा. शनिवारी दुपारच्या आत या, नंतर बंद असतंय.