मदत हवी आहे: रेसिडेंट ईव्हिल २ – इकडे लिकर, तिकडे मिस्टर एक्स

रातराणी:

नमस्कार मंडळी. २०१९ साली आलेला रेसिडेंट ईव्हिल २ हा झोंबींचा व्हिडिओ गेम खेळतेय (१९९८चा मूळ गेम नव्हे). लिऑनची (गेममधल्या पोलिसाची) कथा, स्टँडर्ड (मधली काठिण्यपातळी). रकून सिटीच्या पोलीस स्टेशनात चार रात्री अडकून पडलेय.

आग विझलेलं हेलिकॉप्टर उचलून मिस्टर एक्स (सतत पाठलाग करणारा धिप्पाड राक्षस) आला, तोपर्यंत सगळं ठीक होतं. आता मला पश्चिमेकडच्या तळमजल्यावरच्या कॉरिडॉरमधून डार्करूमला जायचंय आणि नेमका तिथेच छतावर लिकर (लांब जिभेचा, सरपटणारा राक्षस) आहे. लिकरजवळ पळायचं नसतं, एवढं मला कळलंय. पण मागून एक्स येत असताना चालायचं कसं? चाललं की एक्सचा ठोसा बसतो, पळालं की लिकरची जीभ. काल रात्री सहा वेळा त्याच दहा पावलांत मेले.

जवळ आहे ते असं: हँडगनच्या ११ गोळ्या, शॉटगनची ३ काडतुसं, एक फ्लॅश ग्रेनेड, अर्धा झिजलेला चाकू, एक हिरवं हर्ब, एक लाल हर्ब, साध्या गनपावडरचे दोन डबे. एवढ्यावर निभावेल, की जुन्या सेव्हवर मागे जाऊ? मागे गेले तर दोन रात्रींची मेहनत पाण्यात जाईल.

आणखी एक. माझ्या गोळ्या झोंबींवरच संपतात. डोक्यात पाच-सहा घातल्या तरी तो पुन्हा उठतो. सगळ्यांचं असंच होतं का?

कोतवाल:

मागे जाऊ नका. तुमच्याकडे पुरेसं सामान आहे, फक्त सुटं पडलंय. हिरवं आणि लाल हर्ब आत्ताच एकत्र करा, प्रकृती पूर्ण भरून निघते आणि बॅगेतला एक खणही मोकळा होतो. गनपावडरचे दोन डबे एकत्र केले की हँडगनच्या गोळ्या होतात. पुढे पिवळी गनपावडर मिळाली तर ती साध्या डब्यात मिसळा, त्याची शॉटगनची काडतुसं होतात.

झोंबींचं म्हणाल तर हो, सगळ्यांचं होतं. या गेममध्ये झोंबी किती गोळ्यांत मरेल याचा भरवसाच नाही. एखाद्याचं डोकं पहिल्याच गोळीत फुटतं, तर दुसरा सात खाऊनही चालत राहतो. म्हणून त्याला मारायचा विचार सोडा आणि आडवा पाडा. गुडघ्यावर नेम धरा. पाय तुटला की तो सरपटतो, त्याला रुंद वळसा घालून पुढे जाता येतं. आणि नेम धरल्यावर लगेच चाप ओढू नका. पाय रोवून उभे राहा, निशाण्याच्या चारही रेघा आत येऊन मिटेपर्यंत थांबा, मगच गोळी. रेघा मिटल्यावरची गोळी जास्त लागते आणि डोकं फुटायची शक्यताही वाढते. घाबरून मागे सरकत झाडलेल्या गोळ्या जातात खांद्यात, नाहीतर भिंतीत. तुमच्या बहुतेक तिथेच गेल्या असणार.

चाकू राखून ठेवा. झोंबीनं धरलं तर तोच सोडवतो. तो त्याच्या अंगात रुतून राहतो, नंतर त्याला पाडून परत घ्यायचा.

लाकडी फळ्या मिळाल्या आहेत का? असतील तर रोजच्या वाटेवरच्या खिडक्यांना ठोका. पश्चिमेचा तो कॉरिडॉर तुम्हाला अजून बऱ्याचदा ओलांडायचाय, तिथे बाहेरून एकही नवा झोंबी आत येता कामा नये.

सावकाश_चाला:

रातराणी, तुमचा खरा प्रश्न एक्स आणि लिकर एकाच वेळी समोर येण्याचा आहे. त्यांना एकत्र येऊच द्यायचं नाही.

लिकर ठार आंधळा आहे. टॉर्चचा झोत तोंडावर पडला तरी त्याला पत्ता लागत नाही, पण कान फार तिखट. कंट्रोलरची स्टिक अगदी हलकी पुढे ढकला, लिऑन संथ चालतो त्या वेगानं. धक्का लागू देऊ नका, गोळी झाडू नका.

एक्स त्याच्या उलट. तो मरत नाही. खूप गोळ्या खाल्ल्या तर गुडघ्यावर बसतो आणि थोड्या वेळात पुन्हा उठतो. त्याच्यावर एकही गोळी वाया घालवू नका. पण तो चालतो आणि तुम्ही पळू शकता, हाच तुमचा फायदा. हेडफोन लावून खेळा. बुटांचा आवाज डोक्यावरून येतोय की शेजारच्या खोलीतून, ते स्पष्ट कळतं.

आता हे करून बघा. आधी एक्सला पूर्वेकडे न्या, तो जवळ येईपर्यंत थांबा. अरुंद जागेत वाट अडवली तर त्याला ठोसा मारू द्या. ठोसा हुकला की त्याच्या बगलेतून निसटायचं. मग मुख्य हॉलमधून पश्चिमेला सुसाट पळा. लिकरच्या कॉरिडॉरच्या दारात मात्र थांबा आणि कान द्या. पावलं लांब असतील तरच दार उघडा, आणि तिथून पुढे फक्त चालायचं. डार्करूममध्ये टाइपरायटर (गेम सेव्ह करायची जागा) आहे, तिथे एक्स येत नाही. घड्याळाच्या मनोऱ्यातही येत नाही.

खंदक:

वरच्या सगळ्याशी सहमत, एक सोडून. त्या कॉरिडॉरमधला लिकर मी जिवंत ठेवणार नाही. वाट रोजची आहे, दर वेळी एक्सला लांब नेऊन आणायला तुमच्याकडे वेळही नसतो आणि धीरही टिकत नाही. फ्लॅश ग्रेनेड टाका, तो सुन्न झाला की जवळ जाऊन तिन्ही काडतुसं डोक्यात. काडतुसं पुढे मिळतात.

सावकाश_चाला:

खंदकराव, एरवी मीही तेच केलं असतं. पण तीनच काडतुसं आहेत, त्यातलं एक हुकलं तर लिकर जिवंत आणि हात रिकामे. शिवाय बंदुकीच्या आवाजानं एक्स तिकडेच वळतो. पुढे काडतुसं जमली की तुमचा उपाय, आज रात्री नको. फ्लॅश ग्रेनेड हातात असू द्या, पाय घसरला तर दोघांवरही चालतो.

रातराणी:

जमलं!! खूप खूप आभार. सविस्तर लिहिते, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

एक्सला पूर्वेकडे नेलं. तिथे तो इतका जवळ आला की टोपीची कड दिसत होती. ठोसा हुकला, मी बाजूनं निसटले आणि हॉल ओलांडून दाराशी थांबले. आवाज येत होता, पण दबलेला, भिंतीपलीकडचा. दार उघडलं. लिकर छतावरून उतरून बरोबर वाटेत बसला होता, जीभ लोंबत होती. मी भिंतीला चिकटून अंगठा जेमतेम ढकलत होते. मधेच त्यानं मान माझ्याकडे वळवली, तेव्हा मी स्टिक सोडूनच दिली आणि नुसती उभी राहिले. तो पुन्हा वळला. ती दहा पावलं टाकायला मला मिनिटभर लागलं असेल. डार्करूममध्ये सेव्ह केलंय आणि लिकर-एक्सवर एकही गोळी खर्च झालेली नाही.

कोतवालदादा, रेघा मिटेपर्यंत थांबायचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. वाटेत एका झोंबीचा पाय दोन गोळ्यांत गेला (त्या गनपावडरच्या गोळ्या होत्या, मूळ ११ तशाच आहेत).

आता तुरुंगाच्या पॅनेलसाठी इलेक्ट्रॉनिक भाग आणायला चौकशीच्या खोलीत जायचंय. तिथे काही आहे का?

कोतवाल:

आहे. भाग उचलला की मोठी काच फोडून लिकर आत येतो. उचलण्याआधी पूर्ण प्रकृती आणि हातात फ्लॅश ग्रेनेड, एवढं बघा. काच फुटल्यावर गोळी झाडू नका आणि दाराकडे धावूही नका. जागच्या जागी थांबा, तो कुठे बसलाय ते बघा, मग आत्ता चाललात तसंच चालत बाहेर या.