गुरू गेले, त्यांच्या विहिरींच्या वह्या माझ्याकडे आल्यात, काय करू?

कातळवेडा
नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यात भूजलाचं काम करतो. ज्यांनी हे काम शिकवलं ते अण्णा दिवाळीआधी गेले. वयाने वडिलांच्या बरोबरीचे, पण आमचं भांडण, चहा, एकमेकांच्या डब्यातलं खाणं सगळं मित्रासारखंच. बेसॉल्ट मी कॉलेजात पुस्तकात वाचलेला, अण्णांनी विहिरीत उतरवून दाखवला. वर मुरूम, खाली मांजऱ्या (भोकाभोकांचा खडक), मग घट्ट काळा कातळ, मधेच तांबडा बोल, म्हणजे मातीसारखा मऊ थर. मांजऱ्यात पाणी मुरतं, कातळात फट असेल तरच, आणि बोल लागला न केसिंग (बोअरच्या आतला पाइप) नसलं की बोअर ढासळलंच म्हणून समजा. पाणाड्या नारळ घेऊन आला तरी अण्णा हसायचे नाहीत, त्यालाच विचारायचे की गावात जुनी विहीर कुठली आटत नाही, कारण ते त्याला नक्की माहीत असतं.

आता काकूंनी दोन पोती वह्या दिल्यात. ८०च्या दशकापासून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं त्या २०१६ पर्यंतच्या. गट नंबर, खोली, मे ची पातळी, ऑक्टोबरची पातळी, मालक काय बोलला ते. अण्णांचा मुलगा म्हणतोय वर्षश्राद्धाला स्मरणिका काढू, फोटो, चार लेख, 'आधारवड' वगैरे. मला ते नको वाटतंय पण बोलू कसं? आणि वह्यांचं करू काय?

रिगवाला_बीड
भावपूर्ण श्रद्धांजली. आमचा बोअर मारायचा धंदा फुटावर, जितकं खोल तितके पैसे, त्यामुळे असले जिऑलॉजिस्ट आम्हाला आवडायचे नाहीत, खरं सांगतो 😅 आमच्याकडे पण असेच एक साहेब होते. शेतकरी म्हणायचा अजून शंभर फूट मारा, साहेब बाहेर पडलेला चुरा तळहातावर घेऊन चोळायचे न म्हणायचे बास, खाली कोरडा कातळ आहे, कर्ज वाढवू नको. २०० फुटाच्या खाली जायचं नाही हा कायदा नंतर आला, २००९ चा, लागू झाला २०१४ ला, आणि पाळतंय कोण ते तुम्हालाच माहीत. स्मरणिका पोरगा काढतोय तर काढू द्या ओ, त्याचा बाप गेलाय.

टेप_आणि_खडू
वह्या भूजल सर्वेक्षणच्या जिल्हा ऑफिसला दाखवा, पण ओरिजिनल देऊ नका, स्कॅन द्या. एक महत्त्वाचं, पातळी कठड्यापासून मोजलीय का जमिनीपासून ते प्रत्येक वहीत बघा. आमच्या सरांच्या वह्यांत कठड्याची उंची वेगळी लिहिलेली असायची, नंतर ग्रामपंचायतीने कठडे नवीन बांधले, दीड-दोन फूट उंच झाले, आणि नुसते आकडे बघून लोक म्हणाले पाणी खाली गेलं. आणि जीपीएसच्या आधीचं लोकेशन म्हणजे 'वडापासून पूर्वेला तिसरी' असलं असतं. वड आहे का अजून?

लातूरची_लेक
आकडे जरूर द्या पण मालकांची नावं न गट नंबर नेटवर टाकू नका प्लीज. अमुक गटात मे मध्ये पण पाणी होतं असं दिसलं की शेजारी दुसऱ्या दिवशी रिग उभी करतो, मग ती विहीर गेलीच. तुमच्या अण्णांनी मालकाच्या विश्वासावर लिहून घेतलंय ते.

कातळवेडा
@टेप_आणि_खडू उंची लिहिलीय, प्रत्येक पानावर, लाल पेनाने. अण्णा त्यावरूनच रागवायचे.
@लातूरची_लेक बरोबर, नावं झाकूनच देतो.
@रिगवाला पटलं, पोराशी भांडत नाही. त्यालाच मे मध्ये बरोबर नेतो, वडील कुठे कुठे फिरायचे ते त्यानं कधी बघितलंच नाहीये. वड बहुतेक रस्ता रुंदीकरणात गेले, जुन्या माणसांना विचारत जावं लागेल.
वह्यांत घडी घातलेले हाताने काढलेले नकाशे पण आहेत, मोठे, घडीवर फाटायला आलेत. संभाजीनगरात (पूर्वीच्या औरंगाबादेत) किंवा लातुरात असले कागद न फाडता स्कॅन करून देणारं कोणी माहितीये का?