तीन पायऱ्यांना रॅम्प किती लांब?
दांडिया बाजारातल्या हॉलच्या तीन पायऱ्यांवर चाकांच्या खुर्चीसाठी रंगीत प्लायवूडचा रॅम्प टाकावा, टोरोंटोतली स्टॉपगॅप ही संस्था दुकानांपुढे ठेवते तसा, असं एका काकांनी सुचवलंय. कल्पना झकास, पण तो मुळात एका पायरीसाठी असतो. इथं पायरी १५ सेंमी धरली तरी चढ ४५ सेंमी. १:१२ उताराने, म्हणजे १ सेंमी चढाला १२ सेंमी लांबी धरून, ५.४ मीटर लांबी लागते. जागा वाचवायला १:६ केलात, तर ढकलणाऱ्याची दमछाक होते आणि उतरताना खुर्ची हातातून सुटते. (आपल्याकडचे बरेच रॅम्प स्कूटर चढवायलाच बांधल्यासारखे वाटतात.)

सरळ जागा नसेल तर भिंतीलगत काटकोनात वळवा. वळणावर आणि दारासमोर १.५ × १.५ मीटर सपाट जागा ठेवा, नाहीतर दार उघडेपर्यंत खुर्ची मागे घरंगळते. रुंदी १.२ मीटर, कठडा दोन्ही बाजूंना ९० सेंमीवर. वर पॉलिश केलेला कोटा किंवा ग्रॅनाइट अजिबात नको, पावसाळ्यात घसरगुंडीच होते. सिमेंट ओलं असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढल्या की पुरे. खाली गटाराची जाळी असेल तर तिच्या फटीही जाण्याच्या दिशेला आडव्याच हव्यात. उभ्या फटीत पुढची छोटी चाकं रुततात.