थायरॉईडची गोळी आणि सोबतची औषधं

थायरॉईडची गोळी एकही दिवस चुकत नाही तरी रक्ततपासणीत टीएसएच (हे हार्मोन वाढलं म्हणजे थायरॉईड हार्मोन कमी पडतंय) वाढलेला येत असेल, तर डोस वाढवायच्या आधी सोबत काय काय चालू आहे ते बघा. कॅल्शियम नि लोहाच्या गोळ्या लेव्होथायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतल्या औषधाला, पोटातच धरून ठेवतात, रक्तात नीट जाऊच देत नाहीत, त्यामुळे मध्ये 4 तासांचं अंतर हवंच, आणि बऱ्याच मल्टिव्हिटॅमिनमध्येही हे दोन्ही असतात हे कुणी सांगतच नाही! अ‍ॅसिडिटीची ओमेप्राझोल असेल तर मात्र अंतर ठेवून फारसा उपयोग नाही, ती पोटातलं अ‍ॅसिडच दिवसभर कमी ठेवते, आणि थायरॉईडची गोळी नीट विरघळायला ते अ‍ॅसिड लागतं. फिटची कार्बामाझेपिन किंवा इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्या नवीन सुरू झाल्यात का? त्यांनी थायरॉईडच्या गोळीची गरज वाढू शकते, मग डॉक्टरांना सांगून 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच परत करा. आणि केसांसाठी बायोटिन हे व्हिटॅमिन घेत असाल तर लॅबमध्ये आधी सांगा, त्याने टीएसएच उगाच कमी दिसू शकतो.