ओव्हरराइड सगळ्या प्रोग्रामांना कशाला?

वाइनवर (विंडोजचे प्रोग्राम लिनक्ससारख्या सिस्टिमवर चालवणारं सॉफ्टवेअर) गेमचा मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणारी भर, चालवायला नेहमी सांगतात की मॉडची डिइनपुट८ ही डीएलएल (प्रोग्राम वापरतात ती कोडची लायब्ररी) फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाका आणि वाइनसीएफजी या वाइनच्या सेटिंग्जच्या खिडकीत लायब्ररीज टॅबमध्ये तिला 'नेटिव्ह मग बिल्टइन' करा, म्हणजे आधी बाहेरून टाकलेली फाइल, ती नसेल तर वाइनची स्वतःची; यालाच ओव्हरराइड म्हणतात. ते बरोबरच आहे, पण डिफॉल्ट सेटिंग्ज निवडलेलं असताना केलं तर त्या प्रीफिक्समधल्या (वाइन जिथे विंडोजचे प्रोग्राम आणि सेटिंग्ज ठेवतं ते फोल्डर) सगळ्याच प्रोग्रामांना ते लागू होतं. त्यापेक्षा आधी ॲप्लिकेशन्स टॅबमध्ये त्या गेमची ईएक्सई ॲड करा, ती सिलेक्ट ठेवा आणि मग लायब्ररीज टॅबमध्ये जा, म्हणजे बाकीच्यांना धक्का लागत नाही.

आणि ओव्हरराइड खरंच लागलाय का हे अंदाजाने ठरवू नका प्लीज. टर्मिनलमधून वाइनडीबग व्हेरिएबलला '+लोडडीएलएल' देऊन गेम चालवा, प्रत्येक डीएलएल लोड होताना तिच्यापुढे नेटिव्ह की बिल्टइन ते छापून येतं. बिल्टइन दिसलं तर वाइनने तुमची फाइल उचललेलीच नाही, मग मॉडला दोष देऊन काय उपयोग. कर्नल३२, एनटीडीएलएल या मूळ सिस्टिम डीएलएलना मात्र हात लावू नका, त्या वाइनच्याच लागतात.