सचिव काम करता करता शिकेल, तोवर आमच्या फायलींचं काय?

फोंड्याचा: काल इथे एकाने लिहिलं, "पंचायत सचिवाला परीक्षा-प्रशिक्षण कशाला? काम करता करता शिकतो माणूस." डोकं फिरलं. शिकतो हो, पण कोणाच्या फायलीवर? भावाने घर वाढवायला अर्ज केला. आपल्या गोव्याच्या १९९४ च्या पंचायत राज कायद्यात कलम ६६ आहे: पंचायतीने ३० दिवसांत हो किंवा नाही कळवायचं, नाही कळवलं तर पुढच्या ३० दिवसांत उपसंचालकांकडे अपील. नव्या सचिवाला हे ठाऊकच नव्हतं. "पुढच्या मीटिंगला घेतो" म्हणत राहिला. आम्ही भोळे, थांबलो. अपिलाची मुदतही गेली. मग पत्र आलं, जमिनीचा एक-चौदाचा उतारा जोडा म्हणून. उतारा पहिल्या दिवसापासून फायलीत होता!

निवृत्त_कारकून: कालचं मीच लिहिलं होतं, नाव घ्यायला लाजू नका. तुम्ही भोळे, आणि सचिव मूर्ख, असं का? कलम तुम्हाला पाठ होतं तर अपील का नाही केलं? एका सचिवाकडे दोन पंचायतींचा ताबा देतात. घरपट्टी, कचरा शेड, आरटीआय, कोर्टाच्या तारखा. २०२५ मध्ये हायकोर्टाने रस्त्याकडेची बेकायदा बांधकामं बघायला लावली, तेव्हा धावलं कोण? पंच घरी होते.

फोंड्याचा: कलम नंतर पाठ केलं, घर अडकल्यावर. पगार मात्र त्याला मिळतो.

बार्देशची_सून: परीक्षा नाही असं कोण म्हणतं? कर्मचारी निवड आयोगाचा कायदा २०१९ चा आहे, संगणकावर परीक्षा होते. पण त्यातून बांधकामाची फाइल वाचता येते का, हे कुठे कळतं? माझ्या दिराला सामान्य ज्ञान सगळं येतं, घरचं वीजबिल मात्र मी भरते.

डिचोलीकर: आधी भाषेचं बोला. आमच्या ग्रामसभेत विहिरीवरून अर्धा तास कोंकणीत भांडण झालं, एका काकांनी खुर्ची उचलली. इतिवृत्तात काय? इंग्रजीत एक ओळ, "डिस्कस्ड अँड नोटेड". आमचे लोक मराठी वाचतात. मराठीत लिहायला काय होतं?

कोंकणी_मोगी: आला मुद्द्यावर! १९८७ च्या राजभाषा कायद्याप्रमाणे राजभाषा कोंकणी. ती न येणारा सचिव नकोच.

डिचोलीकर: त्याच कायद्यात मराठीच्या वापराचीही तरतूद आहे, ते पान फाटलं का तुमच्याकडचं? देवळाच्या पाटीपासून पेपरापर्यंत सगळं मराठीत वाचायचं आणि नोकरी निघाली की मराठी परकी!

कोंकणी_मोगी: परकी म्हटलं कोणी? घरात कोंकणी बोलून कागदावर मराठी मागणाऱ्यांनी मला शिकवू नये.

साष्टीकार: तुम्ही दोघे देवनागरीवरूनच भांडताय. माझी आई कोंकणी वाचते ती रोमीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत. तिला तुमची दोन्ही इतिवृत्तं सारखीच.

डिचोलीकर: घ्या, तिसरा आला.

बार्देशची_सून: अहो, विहिरीचं काय झालं?

डिचोलीकर: काय होणार? नोटेड.

निवृत्त_कारकून: भाषेवर रात्र काढा, मी मूळ मुद्द्यावर एवढंच म्हणतो: नव्या माणसाला सहीचा अधिकार देण्याआधी सहा महिने जाणत्या सचिवाच्या हाताखाली बसवावं. आम्हाला कोणी बसवलं नव्हतं. पहिल्या दिवशी कपाटाची चावी मिळाली, कपाटाला वाळवी.

फोंड्याचा: म्हणजे काम करता करता शिकणं पुरत नाही तर! तीस वर्षं नोकरी करून आज बोललात, उपकार झाले.

निवृत्त_कारकून: खोचक बोलून घर वाढणार नाही. नव्याने अर्ज करा, पोचपावतीवर तारीख घ्या आणि तिसाव्या दिवसानंतर माझ्याकडे या, अपील मी लिहून देतो. पण मग सरपंचालाही परीक्षा लावा. ठराव त्याचा, बोलणी सचिवाला.

बार्देशची_सून: सरपंचाची पाच वर्षांनी होतेच की.

साष्टीकार: आमच्या प्रभागात एकच उमेदवार होता.

फोंड्याचा: कारकूनबाब, अपील कुठल्या भाषेत लिहिणार?

निवृत्त_कारकून: इंग्रजीत. आता दोघांनीही गप्प बसा.