पोर्शे ९२४ला 'खरी पोर्शे नाही' म्हणून हिणवतात, त्यात तथ्य किती?

लांबनाक्या:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस जुन्या पोर्शेंबद्दल वाचतोय आणि फिरून फिरून ९२४वर येऊन अडकतोय. जिथे बघावं तिथे एकच सूर, इंजिन ऑडीचं, पुढचं सस्पेन्शन फोक्सवॅगन गोल्फचं, मागचं फोक्सवॅगन बीटलचं, मागे डिस्क नाही तर ड्रम ब्रेक, आणि जोडणी पण ऑडीच्या कारखान्यात, मग यात पोर्शेचं उरलं काय? पण फोटो समोर आला की नजर हटत नाही, ते लांब खाली झुकलेलं नाक, मिटलेले हेडलाइट, मागची ती अख्खी वळवलेली काच, १९७५ची गाडी आहे हे सांगितल्याशिवाय कळणार नाही कुणाला. आणि ज्यांच्याकडे आहे ते जीव लावून सांभाळतात हेही दिसतंय. तर जाणकारांनी सांगा, ही गाडी नेमकी जन्माला कशी आली, चालवायला खरंच वेगळी वाटते का, आणि घ्यायचीच झाली तर ९२४ की तिच्यानंतर आलेली ९४४?

नेकारकाठचा:
इतिहासाचं मी सांगतो, कारण तो कळला की अर्धी टीका आपोआप गळून पडते.

ही गाडी मुळात पोर्शेची म्हणून सुरूच झाली नव्हती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फोक्सवॅगनने पोर्शेला काम दिलं की ९१४च्या (दोघांनी मिळून काढलेल्या आधीच्या स्पोर्ट्स कारच्या) जागी आमच्यासाठी एक स्पोर्ट्स कार डिझाइन करून द्या, आणि अट अशी की पार्ट्स होतील तेवढे आमच्याच गाड्यांचे वापरा. प्रोजेक्टचं नाव ईए ४२५. म्हणजे ते ऑडीचं इंजिन, गोल्फचे सस्पेन्शन आर्म वगैरे पोर्शेने कंजूषपणा करून लावले असं लोक समजतात ते साफ चूक आहे, गिऱ्हाइकाची ऑर्डरच तशी होती. मग १९७३चं तेलसंकट आलं, फोक्सवॅगनचा धंदा तोट्यात गेला, वरचे साहेब बदलले, रुडॉल्फ लाइडिंग जाऊन टोनी श्म्युकर आले आणि त्यांनी विचार केला की आपल्याकडे शिरोको आहे की, अजून एक कूपे कशाला. तयार होत आलेलं डिझाइन तसंच पडलं. तेव्हा पोर्शेने ते पैसे मोजून परत घेतलं, आपल्या नावाने विकायचं ठरवलं, आणि जोडणी जर्मनीतल्या नेकार्झुल्म गावच्या ऑडी-एनएसयू कारखान्यात होईल असं ठरलं.

आता हा नेकार्झुल्मचा भाग कुणी सांगत नाही पण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो कारखाना तेव्हा बंद करायच्या गोष्टी चालल्या होत्या. १९७५च्या एप्रिलमध्ये हजारो कामगार नेकार्झुल्महून हाइलब्रॉनपर्यंत मोर्चा घेऊन चालत गेले, नोकऱ्या वाचवा म्हणून. कारखाना वाचला त्याला बरीच कारणं आहेत, पण ९२४चं काम मिळालं हे त्यातलं एक मोठं. जिला लोक उरल्यासुरल्या पार्ट्सची गाडी म्हणतात तिने त्या गावातल्या कितीतरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. त्याच कारखान्यातून पुढे ऑडी आर८ बाहेर पडली.

आणि पार्ट्सचाच मुद्दा काढायचा तर १९४८ची पोर्शेची पहिली गाडी ३५६ बघा, इंजिन बीटलचं, गिअरबॉक्स बीटलचा, सस्पेन्शन बीटलचं. तिला कुणी खोटी पोर्शे म्हणत नाही! ९१४च्या चार सिलिंडरवाल्या मॉडेललाही फोक्सवॅगनचंच इंजिन होतं. दुसऱ्याचे पार्ट्स घेऊन त्यातून चांगली चालणारी गाडी उभी करायची हीच तर या कंपनीची सुरुवात आहे.

मधली_नळी:
वरच्या प्रतिसादाला +१. चालवण्याबद्दल मी लिहितो, पाठची बरीच वर्षं वापरतोय.

ऑडीचं ऑडीचं करणारे लोक गाडीखाली वाकून बघतच नाहीत. इंजिन आणि क्लच पुढे, पण गिअरबॉक्स मागे डिफरन्शियलला जोडलेला, आणि दोघांच्या मधे एक जाड स्टीलची नळी, तिच्या पोटात बोटाएवढ्या जाडीचा शाफ्ट इंजिनच्याच वेगाने फिरत असतो. हा ट्रान्सॲक्सल. यामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांवरचं वजन जवळपास सारखं वाटलं जातं. खांद्यावर कावड घेतलेला माणूस जसा झटकन गिरकी घेत नाही पण एकदा वळला की डळमळत पण नाही, तसं हिचं वळणावर होतं, आधी एक क्षण नाक शांतपणे आत येतं आणि मग पूर्ण गाडी एकाच वेळी त्या रेषेवर बसते, मागचं टोक काही वेगळाच विचार करत नाही. त्या काळातली ९११, म्हणजे पोर्शेची मागे इंजिन असलेली गाडी, वळणात मधेच घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर मागून फिरायची, हिच्यात तेवढी धास्ती नाही, त्यामुळे साधा माणूसही हिच्यात जोरात चालवायला शिकू शकतो आणि मला तर हीच तिची खरी श्रीमंती वाटते.

ताकद म्हणाल तर २ लिटर, १२५ अश्वशक्ती, वजन हजार किलोच्या थोडंसंच वर, टॉप स्पीड ताशी २००च्या आसपास. आज ऐकायला किरकोळ वाटेल. अमेरिकेत तर सुरुवातीला प्रदूषणाच्या नियमांमुळे १००च्या आतच अश्वशक्ती मिळायची, तिथली नाराजी मला समजते. इंजिनचा आवाजही वरच्या आरपीएमला गोड नाही, खरखरीत आहे, ते कबूल करायलाच हवं. स्टिअरिंग खाली बसवलंय, उंच माणसाच्या मांडीला घासतं. पॉवर स्टिअरिंग नाही त्यामुळे पार्किंग करताना हाताचे दंड भरून येतात, पण गाडी सुटली की रस्त्यावरचा खडा न् खडा हाताला कळतो.

डिझाइन हार्म लागाय नावाच्या डच माणसाचं, तेव्हा तो पोर्शेत तरुण डिझायनर होता, पुढे डिझाइन विभागाचा प्रमुख झाला आणि बॉक्स्टर त्याच्याच काळात आली.

लांबनाक्या:
वा, मोर्चाचं काहीच माहीत नव्हतं. @मधली_नळी ती कावड डोक्यात फिट्ट बसली. पण मग ९४४ काढायची गरज का पडली? आणि ९२४ एस म्हणून एक दिसते ती काय भानगड आहे?

जुनंते_सोनं:
गरज इंजिनमुळेच पडली. लोकांना गाडी आवडत होती, खपतही होती, पण 'इंजिन तुमचं नाही' हे पोर्शेला ऐकावं लागत होतं. आधी त्यांनी ९२४ टर्बो काढली, मग रुंद फेंडरवाली ९२४ कॅरेरा जीटी, ती १९८०मध्ये फ्रान्समधल्या ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत पळवली. पुढच्या वर्षी ल मॉंला एक गाडी आली जिच्यात नवीन अडीच लिटरचं इंजिन होतं, वॉल्टर रोर्ल आणि युर्गेन बार्थ यांनी ती सातव्या नंबरवर आणली, आणि तीच पुढे रस्त्यावरची ९४४ झाली. हे इंजिन पोर्शेचं स्वतःचं, त्यांच्याच ९२८ गाडीच्या आठ सिलिंडरच्या व्ही८ इंजिनवरून विकसित केलेलं, १६३ अश्वशक्ती. एवढे मोठे चार सिलिंडर म्हणजे थरथर आलीच, म्हणून दोन बॅलन्स शाफ्ट बसवले, इंजिनच्या दुप्पट वेगाने फिरणारे, त्याचं पेटंट मित्सुबिशीकडे होतं म्हणून पोर्शेने त्यांना लायसन्सचे पैसे दिले. एवढ्या अभिमानी कंपनीने दुसऱ्याची चांगली कल्पना रीतसर विकत घेतली याचं मला कौतुक वाटतं. ९४४ एक लाख साठ हजारांच्या वर बनल्या, ऐंशीच्या दशकात कंपनीचा गल्ला भरण्यात तिचा मोठा हात होता.

९२४ एस म्हणजे जुन्या अरुंद अंगात ९४४चं इंजिन, १९८६च्या सुमारास आली आणि १९८८ला संपली. माझं स्पष्ट मत, चांगली ९२४ एस मिळत असेल तर डोळे मिटून घ्या. तेच इंजिन, तेच मागचे डिस्क ब्रेक, अंगाने सडपातळ म्हणून हवाही छान कापते, आणि ९४४ एवढी भाव खात नाही.

पानाबारा:
डोळे मिटून अजिबात घेऊ नका हो 🙂 मी या गाड्यांवर काम करतो म्हणून पोटतिडकीने सांगतोय.

९४४ आणि ९२४ एसमध्ये टायमिंग बेल्ट आणि बॅलन्स शाफ्टचा बेल्ट कधी बदलला याची पावती मागा, तोंडी शब्दावर जाऊ नका. टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि मग गाडीच्या किमतीएवढा खर्च येऊ शकतो. दुसरं क्लच. यांच्या मूळ क्लच प्लेटच्या मधोमध रबर असतं, वयाने ते तुटतं आणि गाडी अचानक जागीच उभी राहते, आणि क्लच बदलायचा तर ती मधली नळी मागे सरकवावी लागते, त्यासाठी आधी गिअरबॉक्स उतरवा, एक्झॉस्ट काढा, म्हणजे प्लेट एवढीशी आणि मजुरी ढीगभर. गाडी उभी असताना मधून खडखड ऐकू आली तर नळीतल्या बेअरिंगवर संशय घ्यायचा.

बॉनेट उघडून काचेखालची बॅटरीची जागा बोटाने चाचपून बघा. तिथे पाणी जायची भोकं पानांनी बुजतात, बॅटरीचं ॲसिड पत्रा खातं आणि मग पावसाचं पाणी थेट पायाखाली. वरून रंग नवीन मारलेला असतो पण बोट दाबलं की पत्रा कुरकुरतो. मागची मोठी काच तिच्या चौकटीपासून सुटलीये का तेही बघा, डिकी लावताना टकटक आवाज आला तर समजून जा.

मधली_नळी:
@पानाबारा एकदम बरोबर, म्हणूनच तर मी साध्या २ लिटरच्या ९२४ची बाजू घेतो. तिच्यात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडत नाही, नवीन बेल्ट चढवा आणि निघा. बॅलन्स शाफ्टच नाहीत त्यामुळे तो दुसरा बेल्टही नाही. ज्या ऑडीच्या इंजिनला एवढी नावं ठेवतात त्याचा हा फायदा कुणी मोजत नाही. @लांबनाक्या दोन्ही चालवून बघ, पण ९४४ आधी चालव आणि मग ९२४, आणि दोन्ही वेळा वळणावळणाचा रस्ता निवड, सरळ हायवेवर या दोघींमधला फरक फक्त इंजिनचाच वाटेल.